पाटीवरचे नाव आणि दप्तरातले नाव



आजच्या व्याख्यानाची पत्रिका हाती पडल्यावर एका स्नेह्यांनी मला वाटेत गाठले आणि विचारले, ‘‘अहो, समाजमाध्यमावरील खात्याचे नाव बदलणे हा काय वसंतातल्या व्याख्यानाचा विषय झाला? ते काम नातवाला सांगावे. त्यासाठी इतिहासाच्या माणसाला व्यासपीठावर कशाला उभे करायचे?’’ प्रश्न रास्त होता. माझ्या खात्यावरचे नाव माझ्या नातवानेच अर्ध्या मिनिटात बदलून दिले, हेही मी त्यांच्यापाशी कबूल केले. परंतु ते बदलत असता त्याने सहज म्हणून एक वाक्य टाकले. तो म्हणाला, ‘‘आजोबा, हे फक्त दिसणारे नाव बदलले. आतले तेच आहे.’’ त्या एका वाक्याने मला हा विषय दिला.

दिसणारे नाव आणि आतले नाव. आपल्या भाषेत बोलावयाचे तर पाटीवरचे नाव आणि दप्तरातले नाव. पाटी आपल्या दारावर असते. ती आपण पुसावी, रंगवावी, उलटी टांगावी. दप्तर मात्र दुसऱ्याच्या कपाटात असते आणि त्या कपाटाची किल्ली आपल्यापाशी नसते. माणसाच्या नावाचा इतिहास हा पुष्कळ अंशी ह्या दोन नावांच्या ओढाताणीचा इतिहास आहे.

मुंबईत जन्मलेल्या एका लेखकाचे उदाहरण प्रथम घेतो. सलमान रश्दी हे नाव, त्यांची पुस्तके न वाचलेल्यांनाही ठाऊक आहे. २०११ च्या नोव्हेंबरात फेसबुकने त्यांचे खाते बंद केले. हे खाते खरोखर त्यांचेच कशावरून, अशी शंका आली होती. रश्दींनी पुरावा म्हणून पारपत्राचे छायाचित्र पाठविले. पारपत्रावर ‘अहमद सलमान रश्दी’ असे संपूर्ण नाव होते. झाले! फेसबुकने खाते परत दिले, पण पाटी लावली ती ‘अहमद रश्दी’ अशी. ज्या नावाने त्यांना कोणी कधी हाक मारली नाही ते नाव खरे ठरले, आणि ज्या नावाने सारे जग त्यांना ओळखते ते खोटे ठरले. त्यांनी ट्विटरवर जाऊन जाहीर तक्रार केली, गाजावाजा झाला आणि ‘सलमान’ परत मिळाले. त्यांच्यासारख्याचा आवाज ऐकू जातो. सामान्य माणसाने कोणापाशी ओरडावे, हा प्रश्न वेगळा.

ह्या हकीकतीतली मौज पुढेच आहे. ‘रश्दी’ हे आडनाव तरी पिढीजात कोठे होते? बाराव्या शतकातल्या इब्न रुश्द ह्या कॉर्डोव्याच्या तत्त्ववेत्त्याविषयी आदर वाटला म्हणून सलमान ह्यांच्या वडिलांनी ते स्वतः निवडून घेतलेले. आणि १९८९ च्या फेब्रुवारीत इराणच्या खोमेनींनी त्यांच्या वधाचे फर्मान काढल्यानंतर ब्रिटिश पोलिसांच्या पहाऱ्यात दडून राहताना रश्दींनी तिसरेच नाव घेतले, ‘जोसेफ अँटन’. कॉनरॅडचा जोसेफ, चेकॉव्हचा अँटन. त्यातला कॉनरॅड हाही मूळचा पोलंडचा कोझेनियोव्स्की! एका माणसाच्या नावाची अशी एकेक पापुद्रे सोडवीत गेले तर खाली ‘खरे’ म्हणून काय उरते, ते फेसबुकच्या कारकुनालाच ठाऊक.

आता आपल्या घरी येऊ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. समुद्रकाठच्या कासवांमुळे अलीकडे तेथे पुष्कळ लोक जातात. ह्या गावचे भानू नावाचे घराणे. त्या घराण्यात १७४२ साली सातारा येथे एक मुलगा जन्मला. कागदपत्रांत त्याचे नाव बाळाजी जनार्दन असे येते. स्वतःचे नाव, बापाचे नाव, संपले. घराण्याकडे पेशव्यांच्या दप्तराची फडणिशी होती म्हणून लोक त्यास नाना फडणवीस म्हणू लागले, आणि आज ‘भानू’ म्हटले तर दहांतल्या नऊ जणांना अर्थबोध होणार नाही. पेशव्यांचे स्वतःचेही तेच झाले. श्रीवर्धनचे भट, पण पद इतके मोठे की त्याखाली आडनाव झाकून गेले. तेव्हा नाव बदलण्यास अर्ज लागत नसे. माणूस जे काम करी, जेथून येई, ज्याची चाकरी धरी, त्यावरून त्याची पाटी आपोआप रंगे. आणि गंमत पाहा, ज्याच्या हाती साऱ्या दौलतीचे दप्तर होते, त्याचेच स्वतःचे आडनाव त्या दप्तराने गिळले.

त्याच मंडणगड तालुक्यात आंबडवे नावाचे दुसरे गाव आहे. तिथल्या सकपाळ घराण्यातले रामजी मालोजी सैन्यात सुभेदार होते. निवृत्तीनंतर ते साताऱ्यास येऊन राहिले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांच्या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. गावावरून ‘आंबडवेकर’ व्हावयाचे ते ‘आंबेडकर’ असे झाले. वर्गातल्या आंबेडकर नावाच्या शिक्षकाने ममतेने आपले आडनाव दिले, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. काही अभ्यासक ती मान्य करीत नाहीत. त्या वादात मी पडत नाही. मला दाखवावयाचे आहे ते रजिस्टर. त्यातली ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही ओळ पुढे भारताच्या राज्यघटनेवरच्या सहीपर्यंत पोहोचली. महाराष्ट्रात २०१७ पासून तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

एकाच तालुक्याची दोन घराणी, एकाच सातारा शहराशी दोघांचा संबंध. मध्ये दीडशे वर्षे गेली आणि नावाची रीत पालटली. नानांच्या काळी नाव लोकांच्या तोंडी घडत होते, ते आता रजिस्टराच्या रकान्यात घडू लागले. इंग्रजी अमलात शाळेला, पलटणीला, कोर्टाला तीन खणांचे नाव हवे असे. ज्याला आडनाव नव्हते त्याला ते एका दिवसात मिळाले, ज्याला चार होती त्याला एकावर भागवावे लागले, आणि लेखणी ज्याच्या हाती असेल त्याने कानामात्रा इकडची तिकडे केली तर तेच पिढ्यान्‌पिढ्या चालले. ह्या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांची आडनावे अशा एखाद्या हेडमास्तराच्या कानाने ठरलेली असतील. शाळेत पहिल्या दिवशी मुलाला ‘तुझे नाव काय’ असे विचारणे हा आपल्याला साधा प्रश्न वाटतो. ज्याचे आडनाव ऐकताच त्याला कोठे बसवावयाचे ते ठरत होते, त्या मुलाला तो साधा प्रश्न नव्हता. आजही भाड्याने खोली शोधणाऱ्या तरुणाला विचारा. ‘पूर्ण नाव सांगा’ ह्या तीन शब्दांत काय विचारले जात आहे, हे विचारणाराही जाणतो आणि सांगणाराही. म्हणून जेव्हा कोणी आपल्या खात्यावरून आडनाव काढून टाकतो आणि त्या जागी आईचे नाव किंवा नुसते पाळण्यातले नाव लिहितो, तेव्हा त्यास पोरकटपणा म्हणण्याची मी घाई करीत नाही.

मुद्दाम दुसरे नाव लावून लिहिणाऱ्यांची परंपराही आपल्याकडे चांगली रुजलेली आहे. १८४८ साली मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ ह्या सहीने पत्रे येऊ लागली. ब्राह्मणांचा आळस, विधवांची दुर्दशा, विद्येची हेळसांड, ह्या सर्वांवर त्यांत कोरडे ओढलेले होते. म्हणावयास शतपत्रे, भरली एकशे आठ. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते आणि पुण्यातल्याच समाजात त्यांना राहावयाचे होते. ‘देशमुख’ हेही वतनावरून पडलेले नाव. घराण्याचे मूळ आडनाव सिधये. आणि ज्यांनी ही पत्रे छापली ते संपादक भाऊ महाजन, त्यांचे नाव काय? गोविंद विठ्ठल कुंटे! म्हणजे एका टोपणनावाने दुसऱ्या टोपणनावाची पत्रे छापली, आणि महाराष्ट्राच्या नव्या विचाराचा पाया घातला गेला. ‘खऱ्या नावाने लिहा, नाहीतर छापणार नाही’ असा नियम भाऊंनी केला असता तर काय झाले असते, ह्याचा विचार करून पाहावा.

पंचाऐंशी वर्षांनंतर, १९३३ साली, ह. वि. मोटे ह्यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ नावाचा कथासंग्रह प्रसिद्ध केला. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनात काय चालते ते त्यात इतके उघडपणे आले होते की महाराष्ट्रात खळबळ उडाली. ही विभावरी कोण, बाई की बुवा, ह्याचा शोध सुरू झाला. ती होती घोडनदी-शिरूरकडची बाळूताई खरे, अठ्ठाविशीची, अविवाहित. पुढे १९३८ मध्ये विश्राम बेडेकरांशी लग्न होऊन ती मालतीबाई बेडेकर झाली. त्या वेळी खरे नाव फुटते तर त्या बाईस जगणे कठीण झाले असते.

येथे एक गोष्ट नजरेतून निसटू नये. विभावरी कोण हे वाचकांना ठाऊक नव्हते, पण मोट्यांना ठाऊक होते. लोकहितवादी कोण हे छापणाऱ्या भाऊंना ठाऊक असणारच. जोसेफ अँटन कोण हे पहाऱ्यावरच्या पोलिसांना ठाऊक होते. दप्तरात नाव होतेच. ते सांभाळणारा माणूस विश्वासाचा होता, एवढेच. लेखकाने पाटी बदलली आणि दप्तरदाराने तोंड मिटून ठेवले, ह्या दोन गोष्टी मिळून टोपणनाव होते. एक असून चालत नाही.

आजच्या यंत्राची रचना ह्या दृष्टीने पाहिली तर उलगडते. ट्विटर, ज्याला २०२३ च्या जुलैपासून एक्स म्हणतात, त्यावर प्रत्येकाला तीन नावे असतात. ठळक अक्षरांत दिसते ते हवे तेव्हा बदलता येणारे नाव. त्याखाली ‘ॲट’ ह्या चिन्हापुढचे असते ते पत्त्यासारखे. ते एका वेळी एकाचेच. आणि ह्या दोहोंच्या तळाशी एक क्रमांक असतो, तो आपल्याला दिसत नाही आणि बदलतही नाही. नातू म्हणाला ते ‘आतले’ नाव हेच. फेसबुकने सुरुवातीपासून वेगळी वाट धरली: रोजच्या व्यवहारातले खरे नावच हवे, आणि एकदा बदलले की साठ दिवस पुन्हा हात लावावयाचा नाही.

दिसणारे नाव मोकळे सोडले म्हणजे काय होते, ह्याचे मासले आपण पाहिले आहेत. २०१९ च्या मार्चमध्ये पंतप्रधानांनी ट्विटरवर आपल्या नावाआधी ‘चौकीदार’ हा शब्द लावला, पाठोपाठ त्यांच्या पक्षाच्या पुढाऱ्यांनी आणि असंख्य समर्थकांनी लावला, आणि २३ मे रोजी निकाल लागताच तो काढण्यात आला. नाव म्हणजे निवडणुकीतला बिल्ला झाला. २०२२ च्या नोव्हेंबरात ह्याहून वाईट झाले. ट्विटरचे नवे मालक एलॉन मस्क ह्यांनी, पूर्वी ओळख पटवून मिळणारी निळी खूण आठ डॉलरना विकावयास काढली. लगेच एकाने एली लिली ह्या औषधकंपनीचे नाव लावून, निळी खूण मिरवीत, इन्शुलिन आता फुकट असे जाहीर केले. खऱ्या कंपनीवर क्षमा मागण्याची पाळी आली. मस्कसाहेबांचे नाव लावून थट्टा करणाऱ्यांची खाती मात्र तडकाफडकी बंद झाली. पुढे जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी स्वतःच गमतीने ‘मिस्टर ट्वीट’ असे नाव लावले आणि आता ते परत बदलता येत नाही असे जाहीर केले. दप्तराच्या धन्यालाच दप्तराने अडविले! नानांची आठवण होते ती अशी.

ह्या गोंधळावर उपाय म्हणून ‘सर्वांना खऱ्या नावाची सक्ती करा’ असे सांगणारे पुष्कळ आहेत. खोट्या नावाआडून बायकांना घाणेरडे लिहिणारे लोक पाहिले म्हणजे मलाही घटकाभर तसे वाटते. पण हा प्रयोग होऊन चुकला आहे. दक्षिण कोरियाने २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर खरी ओळख पटविल्याखेरीज लिहू देऊ नये असा कायदा लागू केला. मग प्रत्येक संस्थेपाशी नागरिकांच्या नावानिशी दप्तरे साठली. २०११ च्या जुलैमध्ये अशाच एका दप्तराला खिंडार पडले आणि साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीस गेली. देशाची लोकसंख्या जेमतेम पाच कोटी! २३ ऑगस्ट २०१२ रोजी तिथल्या घटना-न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला. दप्तरदार मोट्यांसारखा निघाला नाही.

अमेरिकेत २०१४ साली निराळाच प्रकार घडला. सॅन फ्रान्सिस्कोत स्त्रीवेष घेऊन रंगभूमीवर काम करणाऱ्या कलावंतांची फेसबुक खाती एकामागून एक बंद होऊ लागली. ते वर्षानुवर्षे ज्या नावाने गावात ओळखले जात होते, ते नाव यंत्राच्या मते खरे नव्हते. कोणा एका माणसाने आकसाने शेकडो खात्यांविरुद्ध तक्रारी केल्या होत्या, असे पुढे उघड झाले. १ ऑक्टोबरला कंपनीने जाहीर क्षमा मागितली. खऱ्या नावाचा नियम सज्जनांच्या रक्षणासाठी केला, आणि त्याचे हत्यार दुर्जनाने उचलले.

माझ्या समजुतीप्रमाणे ह्या वादात सर्वांत शहाणे उत्तर जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २७ जानेवारी २०२२ रोजी दिले. खटला फेसबुकविरुद्धच होता आणि निकाल मे २०१८ पूर्वीच्या खात्यांपुरता होता. न्यायालय म्हणाले, सभासदाचे खरे नाव कंपनीने खाते उघडताना विचारून घ्यावे, पण इतरांपुढे टोपणनाव लावण्यास त्याला आडकाठी करू नये. म्हणजे पाटी त्याची, दप्तर तुमचे, आणि तुम्ही तोंड मिटून ठेवावे. भाऊ महाजनांनी १८४८ मध्ये जे कोणी न सांगता पाळले, ते जर्मनीत न्यायालयाला सांगावे लागले.

आतापर्यंत मी ज्यांची नावे घेतली, त्यांतल्या बहुतेकांनी आपली पाटी आपल्या हाताने बदलली. ज्यांची पाटी दुसऱ्यांनी बदलली त्यांचे काय? त्यांची संख्या फार मोठी आहे आणि त्यांतल्या पुष्कळ जणी आज ह्या सभागृहात आहेत.

१८७३ च्या डिसेंबरात न्यायमूर्ती रानड्यांचे दुसरे लग्न झाले. वधू अकरा वर्षांची, कुर्लेकरांची यमुना. ती रमाबाई झाली. पुढच्याच वर्षी गोपाळराव जोशी ह्यांचे लग्न नऊ वर्षांच्या मुलीशी झाले. तीही यमुना; ती आनंदी झाली. १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकाची पदवी घेणाऱ्या डॉ. आनंदीबाई त्या ह्याच. ना. वा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्या गोखल्यांची मनकर्णिका. झाशीच्या लक्ष्मीबाई ह्या तांब्यांची मणिकर्णिका. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवे नाव लिहावयाचे, बत्तासे वाटावयाचे, आणि काल संध्याकाळपर्यंत ज्या नावाने आई हाक मारीत होती ते नाव माजघराच्या उंबऱ्यापलीकडे ठेवून यावयाचे. ह्या समारंभाला आपण कौतुकाने ‘नाव ठेवणे’ म्हणतो. आपल्या भाषेत ‘नावे ठेवणे’ ह्या शब्दाचा दुसरा अर्थ काय होतो तो मी सांगत नाही.

आनंदीबाईंनी आणि रमाबाईंनी मिळालेले नाव मोठे केले, हे खरे. पण आजच्या बायकांच्या खात्यांकडे लक्ष देऊन पाहा. नाव, मग माहेरचे आडनाव, मग सासरचे. किंवा माहेरचे कंसात. विचारले तर हसून सांगतात, ‘‘शाळेतल्या मैत्रिणींना सापडावे म्हणून.’’ दिसणारे नाव बदलण्याची सोय हाती आली तेव्हा ह्या बायांनी तिचा पहिला उपयोग काय केला, तर लग्नात पुसलेले नाव परत लिहिले. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी नवऱ्यापासून विभक्त झाल्यावर त्याच संध्याकाळी खात्यावरचे आडनाव बदलले. बँकेतले आणि पारपत्रावरचे बदलावयास त्यानंतर त्यांना दीड वर्ष लागले. प्रत्येक खिडकीवर ‘कारण?’ असा रकाना होता, आणि प्रत्येक खिडकीतल्या माणसाला ते कारण तोंडी ऐकावयाचे होते.

ज्यांना दप्तरातलेच नाव बदलावयाचे असते त्यांच्यासाठी महाराष्ट्र शासनाचे राजपत्र आहे. त्यात पानेच्या पाने नुसती नावे असतात: जुने नाव, नवे नाव. मला ती वाचावयास आवडते. एखाद्या कारकुनाने चुकविलेली वेलांटी कोणी तीस वर्षांनी दुरुस्त करतो. कोणी आडनावच टाकतो. कोणी विवाहामुळे बदलते, कोणी घटस्फोटामुळे पुन्हा बदलते. कोणाचे पहिले नाव पुरुषाचे आणि दुसरे स्त्रीचे असते. प्रत्येक ओळीमागे एक घर आहे, पण राजपत्र त्याविषयी चौकशी करीत बसत नाही. आता हे अर्ज घरबसल्या संगणकावरूनही करता येतात.

गेल्या काही वर्षांत ह्या दप्तराचा रकानाच शासनाने थोडा रुंद केला. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहावयाचे. बाळाजी जनार्दन, भिवा रामजी, गोपाळ हरी ह्या सर्वांच्या नावांत बापासाठी जागा होती. आईसाठी आता प्रथमच सक्तीने जागा झाली. त्या मुलांतले सर्वांत थोरले अजून लहान आहे. ते स्वतःचे खाते उघडील तेव्हा वरच्या ठळक ओळीत त्या चार शब्दांपैकी कोणते ठेवील, हे पाहावयास आमच्या पिढीतले फार थोडे लोक असतील.